गावदेवीचा विडा आणि पंपाचं बिल

आयुष्यात मी एकदाच तलाव घेतला. खिशातून दमडी न काढता घेतला, भर गावासमोर घेतला, आणि आपण तो घेतोय हे तिथे जमलेल्या माणसांत फक्त मला माहीत नव्हतं.

तेव्हा मी ग्रामसेवक होतो, वाशी आणि तुर्भ्याच्या मधल्या एका आगरी गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात, आणि त्यांना हसायला निमित्त पुरवण्याचं माझं काम निवृत्तीबरोबर संपलं असं मी धरून चाललोय. ग्रामसेवक म्हणजे पंचायतीचा कारभार कागदावर सांभाळणारा सरकारी नोकर. गावात त्याला 'भाऊसाहेब' म्हणतात. हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणता येतो. दाखला हवा असेल तर शेवट लांबतो. नळाला पाणी नसेल तर शब्द मधेच तुटतो. माझ्या कानांना तुटलेलाच जास्त ओळखीचा.

मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू झालो तेव्हा, आणि तो समुद्र नसून खाडी आहे हे बऱ्याच दिवसांनी कळलं. वडिलांकडून वारशाने जमीन आली नाही, पानाचा डबा आला. तो मी पँटच्या खिशात घेऊन हिंडायचो. घाबरलो की मला पान लागायचं, आणि त्या पंचायतीत घाबरण्यासारखं रोज काही ना काही असायचंच. पहिल्या दिवाळीपर्यंत माझे दात लाल झाले होते.

पंचायतीची गत सांगतो. नव्या शहरासाठी गावची शेतं गेली, मिठागरं गेली. त्यांच्यावरचं उत्पन्नही त्यांच्याबरोबर गेलं. उरली घरपट्टी. ती मागायला गेलं की दारातला माणूस शांतपणे विचारायचा, "शेत घेतलंत, मिठागर घेतलंत. आता घर ऱ्हायलंय, त्याचं पन पैशे?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, पावतीपुस्तक होतं. शेजारच्या औद्योगिक पट्ट्यातला एक कारखाना आमच्या हद्दीत येतो की नाही, हा वाद वरच्या कचेरीत पडून होता. त्याचा धूर मात्र वाद न घालता आमच्या हद्दीत येत होता.

आणि खर्च वाढत चालला होता. जमीन गेलेल्यांनी घरामागे पत्र्याच्या खोल्या काढल्या. त्यांत कामगार, ट्रकवाले, बाजारातले हमाल भाड्याने आले. माणसं दुप्पट झाली, नळ तेवढेच, गटारं तेवढीच. रस्त्यावरच्या दिव्यांचं तर मी एक शास्त्रच बसवलं होतं. नवे बल्ब घ्यायला पैसे नसत, म्हणून ज्या आळीत लग्न असेल तिथे दुसऱ्या आळीतला बल्ब काढून लावायचा. लग्नसराईत पंचायतीचा शिपाई खांद्यावर शिडी घेऊन वरातीच्या पुढे पुढे पळायचा. एकदा एकाच दिवशी दोन आळ्यांत लग्नं निघाली, तेव्हा मी आजारपणाची रजा टाकली.

या सगळ्यात धड चालू होता तो डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरचा पंप. शहराचा भराव पडल्यापासून गावातल्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. गोडं पाणी तेवढं त्या एका विहिरीला. पंप चालला की टाकी भरायची, टाकी भरली की सकाळी नळ सुटायचे. त्या पंपाचं विजेचं बिल आम्ही कित्येक महिने भरलं नव्हतं. विसरायला नको म्हणून मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. काचेखाली ठेवलेली गोष्ट माणूस रोज देवाच्या फोटोसारखी बघतो आणि तिचं काही करत नाही.

मे महिन्यात वीज कचेरीची शेवटची नोटीस आली. सोमवारी जोडणी तोडणार.

सरपंचांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. ते पूर्वी मिठागरावर होते. आवाज मुळातच बारीक, आणि रागावले की आणखी बारीक व्हायचा. नोटीस ऐकल्यावर त्यांचं बोलणं ऐकायला मला टेबलावरून वाकावं लागलं.

"तोडतील?"

"तसं लिहिलंय."

"लिवलंय ते समजलं मना. तोडतील का?"

"या वेळी तोडतील."

"मी निवडून आलो ह्या पंपावर. पंप बंद झाला तर गावात तोंड कसं दाखवू? आन लोकांनी प्यावं काय? खाडी?"

आम्ही दोघं कचेऱ्या हिंडलो. तालुक्याचे साहेब म्हणाले, "तुमचं गाव नव्या शहरात गेलं. पैसे त्यांच्याकडे मागा." नव्या शहराच्या कचेरीतले साहेब तरुण होते आणि त्यांच्या पाठीमागे भिंतभर नकाशा होता. ते म्हणाले, "गावठाण आमच्या योजनेत येत नाही. तालुक्याला जा."

सरपंच उठून नकाशाजवळ गेले. सेक्टर गुलाबी, पिवळे, हिरवे. मधेच एक पांढरा ठिपका.

"आमी हितं?"

"हो."

"आन ह्या रंगांत ऱ्हातात त्यांना पानी हाय?"

"आहे ना. पाइपलाइन आहे."

सरपंच माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमचं भाऊसाहेब रंगातलंच हायत."

ते खरं होतं. मी वाशीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नळ सोडला की पाणी यायचं, आणि घाटावरच्या टंचाईतून आलेला असल्यामुळे मी दोन दोन वेळा आंघोळ करायचो. गावात पहिल्या नळावर एक काकी बसायच्या. रांग त्यांच्या ताब्यात. मी बसमधून उतरून समोरून गेलो की त्या हंड्यावरचा हात न उचलता म्हणायच्या, "भाऊसाहेब न्हाऊन आलं. साबनाचा वास सुटलाय बग." रांगेतल्या बायका हसायच्या. मी पान लावायला घ्यायचो.

दोन्ही कचेऱ्यांनी हात वर केल्यावर पंचायतीकडे विकण्यासारखं एकच उरलं. खाडीच्या बांधाआडचा तलाव. बांधाला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं. भरतीबरोबर मासा आत येतो आणि वाढतो. त्यात जिताडे होते. जिताडा म्हणजे काय हे ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने खाल्ला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात गावदेवीच्या देवळासमोर तलावाचा लिलाव व्हायचा. एक मक्तेदार होता, साठीचा, खाडीत जन्म गेलेला. वर्षानुवर्षं तलाव तोच घ्यायचा, कारण गावातला माणूस गावातल्या माणसावर बोली चढवत नसे. रक्कम किरकोळ. लिलावाची रीत अशी की देवीपुढे तबकात एक विडा ठेवायचा. तिसऱ्यांदा पुकारा झाला की शेवटची बोली ज्याची, त्याने तो उचलायचा. विडा उचलला की तलाव वर्षभर त्याचा. कागद मागाहून. आणि देवीचा विडा एकदा उचलला की परत ठेवत नाहीत.

मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचा इतिहास बघता तिथेच कोणीतरी मला आवरायला हवं होतं. मी म्हणालो, "बाहेरचा दलाल आणू. मुंबईच्या मासळी बाजारातला. बोली चढेल, बिल निघेल."

सरपंच बांधाच्या दिशेला बघत म्हणाले, "बाहेरचा मानूस तलावात उतरला तर पोरं ऐकायची नायत."

"मग सोमवारी पंप बंद."

"आना," ते म्हणाले. इतक्या हळू की मला वाटलं नको म्हणाले.

शुक्रवारी दुपारनंतर लिलाव ठरला. दलाल टेम्पो घेऊन आला, बरोबर दोन माणसं. देवळासमोर सगळा गाव. बायका एका बाजूला, काकी पुढे. बांधाच्या बाजूने तरुण पोरं येऊन उभी राहिली. कोणी काही बोलत नव्हतं. गोंगाट करणाऱ्या जमावाची मला सवय होती, त्यात आपण काय बोललो ते कोणाला कळत नाही. ही शांतता वेगळी होती. माझा डबा सकाळपासूनच्या काळजीत रिकामा झाला होता. पंचायतीचा माणूस म्हणून मला मानाने देवीच्या तबकाजवळ बसवलं होतं.

मक्तेदाराने नेहमीची रक्कम पुकारली. दलालाने वर. मक्तेदाराने मान वळवून आधी सरपंचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि थोडी वाढवली. दलालाने पुन्हा वर. असं चाललं. दलालाची बोली बिलाच्या रकमेला भिडली, तेव्हा मी काचेखालचं बिल मनातल्या मनात बाहेर काढलं. मक्तेदाराने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि तो मागे सरकला.

सरपंच म्हणाले, "एक वार."

पोरं दोन पावलं पुढे आली. एकाच्या हातात होडीचं वल्हं होतं. तो सरपंचांचा सख्खा पुतण्या.

"दोन वार."

दलालाच्या माणसाने जाऊन टेम्पो सुरू केला. का, ते विचारायची गरज नव्हती. दलालाच्या कपाळावर घाम. सरपंचांची नजर पुतण्याच्या हातावर. तिसरा शब्द त्यांच्या तोंडातून येईना. पुकारलं तर मारामारी, न पुकारलं तर पाणी बंद. सगळा गाव त्यांच्या ओठांकडे बघत होता. मीही बघत होतो. मला एवढंच आठवतं की घशाला कोरड पडली होती, आणि मग एकदम बरं वाटलं.

बरं वाटलं, कारण मी पान खात होतो.

आधी वाटलं, गाव माझ्याकडे आदराने बघतंय. मग मी तबकाकडे पाहिलं. तबकात सुपारीचा एक तुकडा होता.

"भाऊसाहेब," सरपंच म्हणाले, "तुमी काय खाल्लं?"

मला बोलता येईना. तोंड भरलेलं होतं. मी थुंकायला वळलो, तर काकी ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "थुकायचं नाय. देवीचा हाय तो." मी गिळला. त्यात चुना जास्त होता. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा लोकांनी भक्तीशी संबंध जोडला असेल अशी मला आशा आहे.

दलाल उठला. इतका मोकळा झालेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. "साहेबांनीच घेतला वाटतं," तो म्हणाला. "चांगलंय. आम्ही निघतो." आणि टेम्पो गेला. बिलाची रक्कम त्या टेम्पोतून धुरळा उडवत वाशीकडे गेली.

"सरपंच," मी म्हणालो, "माझ्याकडून चुकून—"

"चुकून कोन तलाव खातं?" काकी म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. वल्हं खाली आलं. पण सरपंच हसले नाहीत. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी कानाशी सांगितलं, "शुक्कर गेला. शनवार, रैवार हातात हाय. तुमी काय करनार?"

मी सरकारी नोकर, मला लिलाव घेता येत नाही, रक्कम माझ्या पगाराच्या बाहेरची. हे सगळं मी एका श्वासात सांगितलं.

"ते नाय इचारलं."

मग त्यांनीच उभं राहून गावाला सांगितलं, "विडा भाऊसाहेबांनी उचलला. भाऊसाहेब कोनाचं? पंचायतीचं. तवा तलाव ह्या साली पंचायतीचा. उद्या जाळं घालू, रैवारी मासा वाशीत इकू, सोमवारी बिल." लोक माना हलवायला लागले. सरपंच खाली वाकून मला म्हणाले, "एकच. तेवढं मोठं जाळं मक्तेदाराचं हाय. ते मागायला तुमी जानार."

"मी?"

"खाल्लाय कोनी?"

मक्तेदार ओट्यावर बसला होता. जाळं भिंतीला टांगलेलं. त्याने मला बस म्हटलं नाही. मग आतून सून तबक घेऊन आली, पान-सुपारी. मी ते इतक्या घाईने नाकारलं की ती घाबरून आत गेली.

"तुमी बाहेरचा मानूस आनला," तो म्हणाला. "माझ्या हयातीत ह्या तलावावर."

"चुकलं."

"आनला ते चुकलं. खाल्लं ते बरं केलंत. नायतर आज कोनाचं तरी डोकं फुटलं असतं." त्याने सुनेच्या दिशेने हात केला. "आमच्या आळीच्या टोकाला नळ हाय. बघितलाय? तुमीच लावलाय. लावल्यापासून एक थेंब नाय. ही हंडा घेऊन पार पहिल्या नळावर जाते, काकीचं बोलनं खाते. त्या नळाला पानी देताव? मंग जाळं न्या."

होय म्हणणं सोपं होतं. त्या गावात मी तोंडी इतके नळ दिले होते की ते खरे असते तर पूर आला असता. पण तोंडात अजून चुना जळत होता. त्याच तोंडाने आणखी काही घ्यायची मला भीती वाटली.

"देता येणार नाही," मी म्हणालो. "तिथपर्यंत दाब पोचत नाही. मोठा पाइप लागेल, पैसे नाहीत. पंप बंद झाला तर पहिल्या नळालाही येणार नाही, एवढंच सांगू शकतो."

तो ओट्यावरून उठला. मग भिंतीकडे गेला आणि जाळं काढायला लागला. "धरा तिकडून," तो म्हणाला. "आन धुवून परत पायजे. गोड्या पान्यानं."

शनिवारी ओहोटीला उघाडी उघडली. पाणी उतरलं, दोन्ही काठांनी माणसं जाळ्याला लागली. मीही पँट वर करून उतरलो आणि चार पावलांत कमरेपर्यंत रुतलो. मला बाहेर काढायला जी माणसं लागली ती जाळ्यावरून कमी झाली. मक्तेदार म्हणाला, "मालकांना काठावर ठेवा." त्या दिवसापासून 'मालक' हे माझं आणखी एक नाव.

पहिल्या ओढीत चिखल आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. सरपंच पाण्यात छातीपर्यंत उभे होते, त्यांचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. दुसऱ्या ओढीत थोडी कोळंबी. पाणी वळायला लागलं होतं, भरती आली की खेळ संपला. तिसऱ्यांदा मक्तेदाराने जाळं उघाडीच्या कोपऱ्यातून फिरवलं. आधी दोर जड झाला, मग पाणी उकळल्यासारखं झालं, आणि जिताडे उड्या मारायला लागले.

रविवारी सकाळी बायका टोपल्या घेऊन वाशीला निघाल्या. मी बरोबर, हातात तराजू. कोणत्या इमारतीत मासे खाणारी घरं आहेत ते मलाच माहीत होतं, आणि त्यातली पहिली इमारत माझीच होती. मी खाली उभा राहून आरोळी मारली. ग्रामसभेत निघत नाही तेवढा आवाज निघाला. वर गॅलरीत माझी बायको. तिने एकदा खाली पाहिलं आणि आत गेली. शेजारचे बँकवाले पिशवी घेऊन उतरले आणि म्हणाले, "साइड बिझनेस का?"

विक्री चांगली चालली होती, तेवढ्यात नव्या शहराच्या कचेरीची गाडी आली. सेक्टरमध्ये फेरीवाल्यांना बंदी. गाडीतला माणूस उतरून टोपल्यांकडे बोट दाखवत म्हणाला, "उचला सगळं."

बायका टोपल्यांना मिठी मारून बसल्या. बर्फ वितळत होता. मी पुढे झालो. "हा मासा सरकारी आहे," मी म्हणालो. "ग्रामपंचायतीची मालमत्ता."

"मासा सरकारी?"

"हो."

"मग पावती दाखवा."

खिशात घरपट्टीचं पावतीपुस्तक होतं. मी त्यावर 'जिताडे' असं लिहून शिक्का मारून दिला. (पुढे हिशेब तपासनिसाने त्या पानावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं, ते वेगळं प्रकरण.) त्याने पावती उलटसुलट बघितली. हसायचं की चिडायचं हे त्याचं ठरेना. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण कारवाई दाखवायला लागते. एक जप्त करतो." आणि त्याने सगळ्यांत मोठा जिताडा जप्त केला. तो शनिवारी दोघांनी मिळून उचलला होता. काकी गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत होत्या. "मालक," त्या म्हणाल्या, "तुमी नसता तर बरं झालं असतं, का तुमी होता म्हनून बरं झालं, तेच कळत नाय."

ऊन चढलं. बायकांना पाणी हवं होतं. मी त्यांना वर नेलं. आमची खोली भरून गेली, मासळीचा वास भिंतींना लागला. बायको तांबे भरून देत होती. काकी मोरीत गेल्या. त्यांनी नळ सोडला. पाणी धारेने यायला लागलं. त्या ते बघत उभ्या राहिल्या. हात पुढे केला नाही, हंडा नव्हता, काही नाही. नुसत्या बघत. मग त्यांनी नळ बंद केला, घट्ट, थेंबही गळणार नाही असा, आणि पदर डोक्यावरून घेऊन खाली गेल्या.

संध्याकाळी सरपंच आमच्या खोलीत बसून पैसे मोजत होते. मोजून झाले, पुन्हा मोजले. कमी पडत होते. फार नाही. साधारण एका मोठ्या जिताड्याएवढे.

"वीज कचेरीवाले अर्धवट घेत नाहीत," मी म्हणालो. सरपंचांनी पैसे रुमालात बांधले, सोडले, परत बांधले.

बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती मिक्सरसाठी पैसे साठवत होती, इमारतीत सगळ्यांकडे आला होता आणि पाट्यावर वाटण वाटणारी ती एकटी उरली होती. तिने तो पैशांचा डबा आणून सरपंचांपुढे ठेवला.

"अहो वैनी, नको," सरपंच म्हणाले.

"तुम्हाला नाही देत," ती म्हणाली. "यांनी तलाव घेतलाय ना. मालकांनी भरायला नको?" आणि मला म्हणाली, "त्या काकींनी नळ कसा बंद केला ते बघितलंत? उद्यापासून एकदाच आंघोळ."

सोमवारी मी वीज कचेरी उघडायच्या आधी दारात होतो. खिडकीतला माणूस चहाला गेला, मग शिक्का सापडेना, मग पावतीला कार्बन उलटा लागला. शेवटी पावती हातात आली, तेव्हा आतून कोणीतरी सहज म्हणालं, "त्या गावाला लाइनमन केव्हाच गेला."

बस येईना. कांदे उतरवून निघालेल्या एका ट्रकच्या पायरीला लटकून मी गेलो. गावाच्या तोंडाशी उतरून धावलो. विहिरीशी सगळा गाव. बायका हंडे घेऊन खांबाभोवती बसलेल्या. खांबाला शिडी, शिडीवर लाइनमन, आणि शिडी खाली घट्ट धरून उभा असलेला आमचा शिपाई. शिडी आमचीच होती, बल्ब फिरवायची. लाइनमनने मागितली म्हणून शिपायाने इमानदारीने दिली होती.

मी पावती वर धरून ओरडलो. लाइनमनने मान वळवून पाहिलं.

"भरलं का? मग एवढा उशीर कशाला केला राव. एक वायर तोडली ना मी."

"जोडा मग."

"असं नाही होत. कट झालं की झालं. आता अर्ज करा, साहेब सही करतील, आठवड्याभरात माणूस येईल. मला उगाच टेन्शन देऊ नका."

आठवडाभर. बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. मला खिशात डबा चाचपडताना जाणवलं की तो मी घरीच ठेवून आलोय. सरपंच पुढे आले. ते वर बघून काही बोलले नाहीत. शिपायाशीच बोलले, आणि आवाज इतका बारीक की सगळ्यांना श्वास रोखावा लागला.

"शिडी पंचायतीची हाय ना?"

"हाव."

"काढून घे. वरातीला लागनार हाय."

शिपायाने शिडी जराशी हलवली. लाइनमनने खांब मिठीत धरला. त्याने खाली पाहिलं, बायका पाहिल्या, हंडे पाहिले. काकी म्हणाल्या, "बस तू वरती आरामात. आमी हितंच हाव. पानी नाय, तवा घरी काम पन नाय."

मग त्याने कमरेची पक्कड काढली आणि वायर जोडली. खाली उतरल्यावर मक्तेदाराच्या सुनेने त्याला तांब्याभर पाणी दिलं, शेवटच्या साठ्यातलं. तो सगळं प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे मी वर सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका." मी सांगितलं नाही. आता तोही निवृत्त झाला असेल.

पंप सुरू झाला. आधी घरघर, मग एकसारखा आवाज. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका उठून रांगेत गेल्या आणि काकींनी पहिल्या नळावरची जागा घेतली. पहिल्या पाण्याने मक्तेदाराचं जाळं धुतलं, तसं ठरलं होतं. टोकाच्या नळाला त्या वर्षी पाणी गेलं नाही, पुढच्याही नाही. पुढचं बिल आलं तेव्हा मी ते काचेखाली न ठेवता सरपंचांच्या हातात दिलं आणि आम्ही पुन्हा नकाशावाल्या साहेबांकडे गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात लिलाव झाला. मला तबकापासून लांब, ढोलवाल्याच्या मागे बसवलं. पुकारा सुरू व्हायच्या आधी काकी बायकांतून उठून आल्या आणि त्यांनी स्वतः लावलेलं पान माझ्या हातात दिलं. "आधीच खा," त्या म्हणाल्या. मक्तेदाराने तलाव घेतला, या वेळी बऱ्या रकमेला, आणि विडा उचलताना माझ्याकडे बघून तो तोंडाशी नेऊन थांबला. गाव हसलं.

मिक्सर आमच्याकडे दीड वर्षाने आला. तोपर्यंत वाटण पाट्यावरच. आणि आजही कुठल्या लग्नात तबक फिरत माझ्यापर्यंत आलं की बायको शेजारून माझं मनगट धरते आणि तबक धरणाऱ्याला विचारते, "हे घेतलं तर त्याबरोबर आणखी काय घ्यावं लागतं?"